एक्स्टेन्शन किती, कुठली आणि कुणाच्या संगणकावर?

आवडत्या एक्स्टेन्शनच्या ज्या याद्या फिरत असतात, त्या वाचताना एक ठरावीक माणूस डोळ्यांसमोर येतो. लॅपटॉप त्याचा स्वतःचा, त्यावर बसणारा तो एकटा, काम ईमेल आणि बैठकांचे, आणि त्रास कसला, तर एका वेळी तीस-चाळीस टॅब उघडे राहतात याचा. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत असा माणूस नाही असे नाही. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलेल्या आयटीवाल्यांनी ओतूर-मंचरच्या घरांतून पुण्यातल्या कंपन्यांची कामे केली, आणि काहीजण अजून अधूनमधून तशी करतात. पण इथल्या ब्राउझरवरचा खरा भार त्यांच्या लॅपटॉपवर नाही. तो घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा इथल्या सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत आहे. एक संगणक, एक प्रिंटर, बसणारी दोन-तीन माणसे आळीपाळीने, आणि समोर रांग.

त्या रांगेतले काम सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला डिजिटल सहीचा सातबारा हवा असतो, कुणाला महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरायचा असतो, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती अडकलेली असते, कुणाला पीक विमा, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला शेतकरी ओळख क्रमांक. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, ओटीपी, जातीचा दाखला असे सगळे कागद दुसऱ्याचे, आणि ते आपल्या ब्राउझरमधून जायचे. त्यामुळे इथे एखाद्या एक्स्टेन्शनने वेळ किती वाचतो याच्या आधी ते एक्स्टेन्शन काय काय वाचते, हे विचारावे लागते. शहरी याद्यांत हा प्रश्न शेवटी, तळटिपेसारखा येतो. आपल्याकडे तो पहिला यायला हवा, आणि तो पहिला आणला की यादी बरीच आखूड होते.

ज्यांना हे प्रकरण नवे आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरच्या आत बसणारा छोटा प्रोग्राम. तुम्ही उघडलेले पान तो वाचू शकतो, त्यात भर घालू शकतो, त्यातले काही लपवू शकतो. फायरफॉक्सने ही सोय सुरुवातीपासून दिली. क्रोम २००८ साली आला आणि त्यात एक्स्टेन्शन २०१० च्या जानेवारीत आली. आज क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीशेजारी कोड्याच्या तुकड्याचे जे चिन्ह दिसते, त्याच्या मागे ही सगळी मंडळी बसलेली असतात.

आणि एक मोठी मर्यादा आधीच सांगून टाकू. या दोन तालुक्यांतली बहुतेक माणसे इंटरनेट पाहतात ते मोबाइलवर, आणि मोबाइलवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. अँड्रॉइडवर हवीच असतील तर फायरफॉक्स घ्यावा लागतो. त्याने २०२३ च्या डिसेंबरात मोबाइलसाठी एक्स्टेन्शनचे दार बऱ्यापैकी उघडले. एजमध्येही मोजकी चालतात. काही जण किवी नावाचा ब्राउझर वापरत, पण तो २०२५ च्या सुरुवातीला बंद पडला. ई-पीक पाहणीसारखे काम तर ॲपमध्येच होते, तिथे ब्राउझरचा संबंधच नाही. तेव्हा हा आढावा मुख्यतः टेबलावरच्या संगणकाचा आहे. मोबाइलवाल्यांनी त्यातून एकच गोष्ट उचलावी, ती जाहिरातींच्या भागात येईल.

सुरुवात टायपिंगपासून करू, कारण मराठी माणसाच्या संगणकावर पहिले एक्स्टेन्शन बहुधा त्यासाठीच आले. युनिकोड रुळण्याआधी मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट बाळगून होती. फॉन्ट नसला की पानावर अगम्य चिन्हांचा चिखल दिसे. त्या काळात फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचे एक्स्टेन्शन होते, जे तेलुगू, देवनागरी आणि इतर भारतीय लिप्यांमधला असा मजकूर युनिकोडमध्ये उलगडून दाखवी. आज ते कुणाला आठवत नाही, आणि तेच बरे, कारण त्याची गरज संपली. संपली म्हणजे वेबवर संपली. तालुक्याच्या गावातल्या छापखान्यांत आणि कित्येक कचेऱ्यांच्या जुन्या फायलींत श्रीलिपी, कृतिदेव अजून सुखाने नांदत आहेत.

सध्याच्या टायपिंगसाठी 'गूगल इनपुट टूल्स' हे क्रोमचे एक्स्टेन्शन सर्वांत ओळखीचे. इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी उमटते. हात बसलेला नसेल तर याहून सोपे काही नाही. पण काउंटरवर त्याचा एक त्रास आहे. हे साधन अंदाजाने शब्द सुचवते, आणि आपल्याकडच्या नावांत त्याचा अंदाज चुकतो. आळे, आळेफाटा, पिंपळवंडी, वडगाव काशिंबेग, धामणखेल या नावांत ळ आणि ल, ण आणि न, आ आणि अ यांची गल्लत एका झटक्यात होते. घाईत पहिला पर्याय दाबला की आळ्याचे 'आले' होते. लेखात ती चूक हसण्यावारी नेता येते. अर्जात नाही. सातबाऱ्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि अर्जातले नाव जुळले नाही की अर्ज अडकतो, आणि मग दुरुस्तीसाठी तलाठी कार्यालयाच्या चकरा त्या शेतकऱ्याने मारायच्या. शिवाय आपण टाइप केलेली अक्षरे रूपांतरासाठी गूगलच्या सर्व्हरकडे जातात. म्हणजे रेंज गेली की मराठीही गेली.

म्हणून या बाबतीत माझे मत एक्स्टेन्शनच्या विरुद्ध आहे. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक कधीपासूनचा आहे. २०१९ मध्ये विंडोज १० ला मराठी फोनेटिक कळफलकही मिळाला. दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात आणि कुणाकडे काही पाठवत नाहीत. ज्यांनी मराठी टायपिंग इन्स्क्रिप्टवरच शिकले आहे त्यांचा हात बसलेलाच असतो. बाकीच्यांनी महिनाभर सोसले तर इन्स्क्रिप्ट जमते. हौशी लेखनासाठी, समाजमाध्यमांसाठी गूगलचे एक्स्टेन्शन खुशाल ठेवावे. दाखल्यांसाठी नको.

शुद्धलेखनाची कथा दुःखद आहे. इंग्रजीसाठी ग्रामरली आहे, लँग्वेजटूल आहे, आणि शिवनेरीच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी घर चालवणाऱ्याला पाहुण्यांच्या इंग्रजी पत्रांना उत्तर देताना त्यांचा उपयोगही होतो. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला आणि २०२५ च्या जुलैत शिवनेरी इतर किल्ल्यांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा अशी पत्रे कमी होणार नाहीत. मराठीसाठी मात्र त्या तोडीचे काही नाही. फायरफॉक्समध्ये स्वयंसेवकांनी घडवलेला मराठी शब्दकोश बसवता येतो, तो चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतो. सामासिक शब्द आणि विभक्तीचे प्रत्यय लागलेले शब्द आले की तो गोंधळतो, बरोबर शब्दांखालीही रेघा मारत सुटतो. तरी पाटी लिहिणाऱ्याने आणि ग्रामसभेचे इतिवृत्त टाइप करणाऱ्याने तो जरूर बसवावा. भाषांतरासाठी वेगळे एक्स्टेन्शन लागत नाही. क्रोममध्ये ती सोय आतच आहे आणि गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ पासून आहे.

आता जाहिराती. इथे मी हात आखडता घेणार नाही, कारण या भागातल्या संगणकावर एकच एक्स्टेन्शन ठेवायचे झाले तर ते जाहिराती रोखणारेच असावे. त्याची दोन कारणे, आणि दोन्हींत जाहिरातींचा वैताग येत नाही. पहिले कारण रेंज. पश्चिमेकडे, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, तळेघर-आहुपेच्या बाजूला नेटवर्क येते-जाते. नारायणगावाजवळच्या आर्वीत १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशी दळणवळण करणारे विक्रम भूकेंद्र सुरू झाले, त्याच टापूत आज डोंगराकडेच्या पोराला फॉर्म भरायला खाली उतरावे लागते, हा विनोद आहे की काय ते वाचकाने ठरवावे. बातमीच्या एखाद्या पानावर मजकूर थोडा आणि जाहिराती, चलचित्रे, माग काढणाऱ्या फायली भरपूर असतात. त्या रोखल्या की पान तुटक्या रेंजवरही उघडते आणि डेटा वाचतो.

दुसरे कारण जास्त गंभीर. सर्चमध्ये 'सातबारा' किंवा एखाद्या योजनेचे नाव टाकले की वर कधी कधी पैसे देऊन लावलेली जाहिरात येते, सरकारी नावासारखेच नाव असलेली. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी अशा नामसाधर्म्याच्या बनावट संकेतस्थळांच्या बातम्या आपण वाचल्या. अमेरिकेच्या एफबीआयने २०२२ च्या डिसेंबरात सर्चमधल्या फसव्या जाहिरातींबद्दल इशारा दिला, तेव्हा त्यात जाहिरातरोधक वापरण्याचा सल्लाही होता. पोलीस यंत्रणेने असा सल्ला द्यावा, यावरून धोका केवढा ते कळते.

या कामासाठी नाव एकच घ्यायचे, तर 'यूब्लॉक ओरिजिन'. रेमंड हिल या कॅनडातल्या प्रोग्रामरने २०१४ मध्ये ते सुरू केले. फुकट आहे, आणि तो देणग्याही घेत नाही. अडचण अशी की क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले. 'मॅनिफेस्ट व्ही-३' या नव्या नियमावलीत पानावरून जाणारी प्रत्येक विनंती तपासून अडवण्याची पूर्वीची मोकळीक राहिली नाही. २०२४ पासून क्रोम जुनी एक्स्टेन्शन बंद करत गेला आणि २०२५ मध्ये ती पुरती बाहेर पडली. आता क्रोमवर मिळते ते 'यूब्लॉक ओरिजिन लाइट'. ते पूर्वीइतके सूक्ष्म नाही, पण काउंटरच्या कामाला पुरते. मूळ, पूर्ण ताकदीचे हवे असेल तर फायरफॉक्स घ्या. फायरफॉक्सचा चेहराही मराठीत मिळतो. मोबाइलवाल्यांसाठी वर म्हटलेली गोष्ट हीच: अँड्रॉइडवर फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक, एवढे केले तरी पुष्कळ झाले. सारख्याच नावाची नकली जाहिरातरोधकेही दुकानात येत असतात. बसवताना 'ओरिजिन' हा शब्द आणि बनवणाऱ्याचे नाव पाहून घ्यावे.

जाहिरातरोधकाची एक खोड मात्र सांभाळावी लागते. कित्येक सरकारी साइट निकाल किंवा पावती नव्या खिडकीत उघडतात. ब्राउझर किंवा जाहिरातरोधक ती खिडकी अडवतो, आणि माणूस समजतो की सर्व्हर डाऊन आहे. पैसे कापले गेले आणि पावती दिसली नाही की काउंटरवर जो आवाज चढतो तो चढू नये म्हणून, नेहमीच्या सरकारी साइटवर जाहिरातरोधक बंद करून खिडक्यांना परवानगी देऊन ठेवावी. त्या साइटवर जाहिराती नसतातच.

आणि बनावट साइटवरचा खरा उतारा एक्स्टेन्शन नाही, बुकमार्क आहे. महाभूमी, महाडीबीटी, आपले सरकार, पीएम किसान, आधार, पीक विमा हे पत्ते एकदा नीट पाहून पट्टीवर लावले की सर्चमध्ये जायचे कारणच उरत नाही. फुकट दिसणारा सातबारा फक्त पाहण्यापुरता आणि पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा कामाचा, हा फरकही त्या पट्टीवर दोन वेगळ्या नावांनी लिहून ठेवता येतो. मला विचाराल तर कामाचा वेग वाढवणारी सर्वांत चांगली गोष्ट ही पट्टीच आहे, आणि तिला कसलीही परवानगी द्यावी लागत नाही.

कागद सांभाळणाऱ्या एक्स्टेन्शनकडे वळू. फोटो इतक्या केबीचा, सही तितक्या केबीची, पीडीएफ अमुक आकाराच्या आत, या अटींनी सेवा केंद्रवाल्यांचे आयुष्य व्यापलेले आहे. त्यामुळे फायली लहान करणाऱ्या साइट आणि त्यांची एक्स्टेन्शन फार लोकप्रिय. वापरणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही की यातल्या बहुतेक ठिकाणी फाइल आधी दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढते, तिथे लहान होते आणि परत येते. म्हणजे समोरच्या आजीचे आधार कार्ड दोन मिनिटांसाठी का होईना, परदेशवारी करून येते. ते लगेच पुसले जाते असे त्या साइट सांगतात. ते खरेही असेल. पण कार्ड आजीचे आहे आणि तिला कुणी विचारलेले नाही. फोटोसाठी गूगलचे 'स्क्वूश' बरे. ते ब्राउझरमध्ये उघडते, पण फोटो तुमच्याच संगणकावर लहान करते, कुठे पाठवत नाही. पीडीएफसाठी संगणकावर बसवलेला साधा प्रोग्राम घ्यावा. स्कॅन करतानाच रंग आणि डीपीआय कमी ठेवले तर निम्मे भांडण तिथेच मिटते.

पूर्ण पानाचे चित्र काढण्यासाठी 'गोफुलपेज' चांगले. अर्ज भरल्यावर जे पान येते त्याचे वरपासून खालपर्यंत एकच चित्र मिळते, आणि पावती अडकली तर तेवढा पुरावा राहतो. पान जसेच्या तसे एका फाइलमध्ये जपायचे तर 'सिंगलफाइल'. रेंज असताना योजनेचे नियम, शासन निर्णयाचे पान, परीक्षेचा अभ्यासक्रम उतरवून ठेवायचा आणि गावात नेऊन निवांत वाचायचा. डोंगरपट्ट्यातल्या शाळेच्या शिक्षकासाठी आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यासाठी याहून उपयोगी एक्स्टेन्शन मला दिसलेले नाही, आणि शहरी याद्यांत ते क्वचितच वर असते. 'पॉकेट' नावाची वाचनसंग्रहाची प्रसिद्ध सेवा २०२५ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा तिच्या भरवशावर राहिलेल्यांची धावपळ झाली. सिंगलफाइलने जपलेले पान तुमच्या संगणकावर असते. ते बंद पडत नाही.

बाजाराच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे. नारायणगावचा टोमॅटो, आळेफाटा आणि मंचरचा कांदा, या व्यवहारांत भाव फोनवर ठरतो आणि व्हॉट्सॲपवर फिरतो. ब्राउझर लागतो तो मागचे आकडे काढताना. ॲगमार्कनेटवर किंवा पणन मंडळाच्या साइटवर रोजच्या आवकेचे आणि भावाचे तक्ते असतात. ते हाताने उतरवण्यापेक्षा तक्ता उचलून एक्सेलमध्ये टाकणारे 'टेबल कॅप्चर'सारखे एक्स्टेन्शन घेतले तर हंगामाचा आलेख तासाभरात तयार होतो. द्राक्ष निर्यात करणाऱ्यांना अपेडाच्या ग्रेपनेटवर नोंदी कराव्या लागतात, तिथे मात्र एक्स्टेन्शनपेक्षा नीट ठेवलेली वही जास्त कामाला येते. हे टोमणा म्हणून म्हणत नाही. फवारणीची तारीख वहीत नसेल तर ब्राउझर ती कुठून आणणार?

पासवर्डचा मुद्दा कठीण. स्वतःच्या संगणकावर 'बिटवॉर्डन' ठेवावे, हा सल्ला मी कुणालाही देईन. फुकट आवृत्तीतही कितीही पासवर्ड आणि कितीही यंत्रे चालतात, आणि त्याची आज्ञावली सगळ्यांना पाहायला खुली आहे. लास्टपासचे २०२२ मध्ये काय झाले ते पाहून मात्र सावध राहावे. चोरट्यांनी ग्राहकांच्या कुलूपबंद पासवर्डांच्या तिजोऱ्याच्या तिजोऱ्या उचलून नेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा होता त्यांची झोप उडाली. तेव्हा व्यवस्थापक कुठलाही घ्या, मुख्य पासवर्ड लांब हवा.

काउंटरवर हे लागू होत नाही. तिथे क्रोम आपणहून विचारतो, 'पासवर्ड जपून ठेवू का?', आणि घाईत 'हो' दाबले जाते. काही महिन्यांनी त्या ब्राउझरमध्ये निम्म्या गावाचे पासवर्ड जमा झालेले असतात. दुसऱ्या बाजूने, केंद्रवाल्याने पासवर्ड जपले नाहीत तर पुढच्या खेपेला शेतकरी तो विसरलेला असतो आणि पुन्हा ओटीपीची वारी. ही अडचण खरी आहे आणि तिला एक्स्टेन्शनचे उत्तर नाही. पासवर्ड कागदावर लिहून ज्याचा त्याच्या हातात देणे हेच त्यातल्या त्यात ठीक. सुरक्षातज्ज्ञ नाक मुरडतील, पण घरातल्या ट्रंकेतला कागद बाजारपेठेतल्या सामायिक संगणकापेक्षा बरा.

टॅब आवरणाऱ्या एक्स्टेन्शनवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. 'वनटॅब' चांगले आहे, एका टिचकीत सगळे टॅब यादीत जातात. पण टॅबचे गट आता क्रोममध्येच करता येतात आणि न वापरलेले टॅब झोपवणारा मेमरी सेव्हरही २०२२ च्या अखेरीस आत आला. चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकांना त्यानेच जास्त फरक पडतो. लक्ष विचलित होऊ नये म्हणून 'लीचब्लॉक', रात्री वाचणाऱ्यांसाठी 'डार्क रीडर', व्याख्याने दीडपट वेगाने ऐकण्यासाठी 'व्हिडिओ स्पीड कंट्रोलर' ही विद्यार्थ्यांच्या कामाची. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले यांच्या जोडीला प्रोग्रामिंगची दहा-बारा ठेवतात. त्यांचा संगणक त्यांचा स्वतःचा, त्यांनी हौस करावी. जुन्या सरकारी साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालायच्या तेव्हा 'आयई टॅब'ने कचेऱ्यांना तारले होते. २०२२ च्या जूनमध्ये एक्सप्लोरर निवृत्त झाला, आणि आता तशी साइट भेटलीच तर एज ब्राउझरमध्येच आयई मोड आहे.

एका प्रकाराबद्दल स्पष्ट बोलायला हवे: तत्काळ तिकिटांची एक्स्टेन्शन. प्रवाशांची नावे, वये, गाडीचा क्रमांक आधी भरून ठेवायचे आणि खिडकी उघडताच एका झटक्यात फॉर्म भरायचा. जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा ठरेल म्हणून बदलायची वेळ आली, तेव्हा ती इतक्यात येईल असेही नाही. तरी पुण्याहून किंवा कल्याणहून गावाकडे-परगावी जाणारे भरपूर आहेत आणि त्यांची तिकिटे सेवा केंद्रांत निघतात. नावे भरून देणारे साधे एक्स्टेन्शन आणि कॅप्चा चुकवणारे, लॉगिन बदलणारे सॉफ्टवेअर यांत फरक आहे, पण विकणारे तो फरक धूसर ठेवतात. परवान्याविना तिकिटांचा धंदा करणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, आणि २०२५ च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणीही लागते. आयआरसीटीसीवर स्वतःची प्रवासी यादी जपून ठेवायची सोय आहेच. तेवढी वापरावी आणि बाकीच्याच्या वाटेला जाऊ नये.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे, एक्स्टेन्शन काय वाचते. बसवताना एक छोटी चौकट येते. 'सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाचे वाक्य तिच्यात असते. ते वाक्य शब्दशः घ्यायचे. बँकेचे पान, आधारचे पान, टाइप होणारा ओटीपी, सगळे त्यात आले. जाहिरातरोधकाला ही परवानगी मागावी लागते हे समजण्यासारखे आहे. हवामान दाखवणाऱ्या किंवा पान रंगीत करणाऱ्या एक्स्टेन्शनने ती का मागावी?

आणि बसवताना चांगले असलेले एक्स्टेन्शन चांगलेच राहील याची हमी नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे टॅब झोपवणारे एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते विकले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने त्यात घातक आज्ञावली असल्याचे कारण देऊन ते काढून टाकले. राखणदार तोच दिसत होता, पण त्याला पगार देणारा मालक बदलला होता. २०२४ च्या नाताळात तर विक्रीचीही गरज पडली नाही. सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याला क्रोमच्या दुकानाकडून आल्यासारखा ईमेल आला, तो फसला, आणि तिच्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती ग्राहकांच्या संगणकांवर आपोआप जाऊन बसली. त्याच मोहिमेत आणखी कित्येक एक्स्टेन्शन सापडली. २०२३ मध्ये चॅटजीपीटीच्या नावाने आलेल्या एका एक्स्टेन्शनने लोकांची फेसबुक खाती पळवली होती. आता एआयच्या नावाने रोज नवे काही येते आहे आणि बाजूच्या पट्टीत बसून पान वाचून दाखवायची तयारी दाखवते आहे. वाचून दाखवण्यासाठी आधी ते वाचावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे. शासन निर्णयाचा गोषवारा हवा असेल तर मजकूर उचलून एआयच्या साइटवर टाकावा. त्यासाठी प्रत्येक पानावर नजर ठेवणारा माणूस घरात घ्यायचे कारण नाही.

क्रोममध्ये यावर साधे उपाय आहेत, ते फार कमी जण वापरतात. प्रत्येक एक्स्टेन्शनला 'टिचकी मारल्यावरच' चालण्याचे बंधन घालता येते. स्क्रीनचित्र काढणाऱ्याला, तक्ता उचलणाऱ्याला तेवढे पुरते. दुसरे, वेगवेगळी प्रोफाइल. मालकाचे स्वतःचे ईमेल, यूट्यूब, हौसेची एक्स्टेन्शन एका प्रोफाइलमध्ये. काउंटरसाठी दुसरे, ज्यात बुकमार्कची पट्टी आणि जाहिरातरोधक, बास. ग्राहकाचे बँकेचे किंवा ईमेलचे काम असेल तर तिसरा मार्ग, 'गेस्ट' खिडकी. तिच्यात एक्स्टेन्शन चालत नाहीत, पासवर्ड जपले जात नाहीत, आणि बंद केली की ब्राउझरमध्ये मागे काही उरत नाही. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. लोकांचे कागद हाताळणाऱ्याला हा विषय आपला नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

तेव्हा निवाडा सांगायचा तर असा. स्वतःच्या लॅपटॉपवर यूब्लॉक, बिटवॉर्डन आणि सिंगलफाइल, आणि वर कामानुसार एखाददुसरे. शाळेच्या संगणकावर यूब्लॉक, सिंगलफाइल आणि मराठी शब्दकोश. सेवा केंद्राच्या काउंटरवर यूब्लॉक, आणि टिचकीवर चालणारे गोफुलपेज. याहून जास्त काही बसवा म्हणणाऱ्याला त्याचा फायदा विचारा. आणि केंद्र चालवणाऱ्या दादा-ताईंना एक विनंती: उद्या शटर वर केल्यावर पहिला अर्ज घेण्याआधी तो कोड्याचा तुकडा दाबून 'मॅनेज एक्स्टेन्शन्स'मध्ये जा, आणि जे कुणी, कधी, कशासाठी बसवले ते कुणालाच सांगता येत नाही, ते सगळे काढून टाका.